पल्याडचा गट

खरसवाडीचे ग्रामसेवक हणमंत टिपरे यांना सगळा तालुका भाऊसाहेब म्हणायचा, आणि ठराव लिहावा तर भाऊसाहेबांनीच, असं पंचायत समितीतले कारकूनसुद्धा म्हणायचे. ‘सबब ही सभा सर्वानुमते असे ठरविते की’ इथून निघालेलं त्यांचं वाक्य दीड पान न थांबता चालायचं आणि शेवटी बरोबर जागेवर येऊन बसायचं. सूचक, अनुमोदक, झालेली चर्चा, मंजूर. सगळं जिथल्या तिथे. सभा तेवढी झालेली नसायची.

यात त्यांना वावगं काही वाटत नसे. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात, आणि खरसवाडीत शंभर माणसं जमायची ती लग्नाला नाहीतर कुस्त्यांना. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे चाळीस डोकी, त्यातली निम्मी शाळेची. मग कोरम नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही, ही कायद्यानेच ठेवलेली फट. त्या फटीतून भाऊसाहेब वर्षानुवर्षं ये-जा करत आले होते. ठराव घरी बसून लिहायचा, मग शिपाई गेनूतात्याने वही घेऊन गावभर हिंडायचं. कुणी म्हशीची धार काढता काढता सही करायचं, कुणी चहाच्या टपरीवर. काय लिहिलंय असं चुकून कुणी विचारलंच तर गेनूतात्या म्हणायचा, “सरकारचं हाय.” एवढ्यावर गावाचं समाधान व्हायचं.

अशा माणसाच्या लेखणीवर एक दिवस राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींची भिस्त येऊन पडली.

झालं असं, की सरकारने एकसंध भूवापर विधेयक आणलं. कुठल्या जमिनीचा कशासाठी वापर करायचा हे यापुढे गावाने ठरवायचं नाही, नगरपालिकेनेही नाही. राज्यातल्या प्रत्येक गटाचा वापर एकाच ठिकाणी, एकाच नियमाने ठरणार. जी जमीन वापरात नाही ती सरळ राज्याच्या भूपेढीत जमा. गायरान, गावठाण, ना हरकत दाखला, ज्या गोष्टींवर ग्रामपंचायतीचा थोडाफार रुबाब होता, त्या सगळ्या गेल्या. आणि या साऱ्याचा पाया होतं एक यंत्र.

मातीचं असं असतं. तिच्यावरून जे जे जिवंत जातं, ते आपला काहीतरी अंश मागे टाकून जातं. मेंढराची लोकर, बैलाचं शेण, माणसाच्या टाचेची कातडी, ज्वारीचं मूळ. त्या प्रत्येक अंशात त्या जिवाचा डीएनए असतो. उन्हापाण्याने तो तुटतो, पण चिकण मातीच्या कणांना एकदा चिकटला की तुकड्यातुकड्यांनी का होईना, पन्नास-साठ वर्षं टिकतो. काळ्या रानात तर जास्तच. तुकडे जितके बारीक आणि थर जितका खोल, तितकी गोष्ट जुनी. शास्त्रज्ञांना हे आधीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते यंत्र. पाठीवरच्या फवारणी पंपाएवढा डबा आणि त्याला लांब पोकळ सुई. सुई जमिनीत कंबरभर खोल टोचायची. ती थराथराने माती चाखते, डीएनए आणि प्रथिनं वाचते आणि दहा मिनिटांत सांगते, की इथे अमुक वर्षी गहू होता, मग आठ वर्षं मेंढरं बसली, मग काही नाही. सरकारी नाव ‘मृदालेख’. खरसवाडीने त्याचं नाव ठेवलं चाखणी. टपरीवरच्या मंडळींनी त्याचा ‘चाखणा’ करून पाहिला, पण सरपंच बाई असल्यामुळे तो टपरीपुरताच राहिला.

चाखणी घेऊन सरकारची पोरं आली, गावाच्या शिवारात दर काही पावलांवर टोचून गेली, आणि हरकती मागवल्या गेल्या. साठ दिवसांची मुदत. तालुक्यातल्या एकतीस ग्रामपंचायतींच्या संघाने हरकत लिहायचं काम अर्थातच भाऊसाहेबांकडे दिलं. त्यांनी ती अशी लिहिली, की मंत्रालयातल्या माणसालाही दुसऱ्यांदा वाचावीशी वाटावी. तिच्यातलं एक वाक्य राज्यभर गाजलं: ‘मातीत काय सांडले ते यंत्रास कळेल, माती कशासाठी राखली ते गावासच ठाऊक.’ चारशे पंचायतींनी ते जसंच्या तसं उतरवून पाठवलं. सरकार नमलं. विधेयकात चौदावं कलम घातलं गेलं: जिथे ग्रामसभेचा आधीचा ठराव असेल, तिथे यंत्राचं न मानता ठरावाचं मानावं.

संघाचे अध्यक्ष बाजीराव निकम, शेजारच्या गावचे सरपंच, सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांनी भाऊसाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. “मातीपेक्षा माणसाचा शब्द मोठा,” अप्पा म्हणाले, “आन् ह्यो शब्द आमच्या टिपऱ्यानं राखला.” भाऊसाहेब निवृत्तीला सहा महिने राहिलेले. शालीतल्या शालीत त्यांना भरून आलं.

महिन्याभराने प्रारूप नकाशे आले.

सरपंच तेजस्विनी वाघमोडे या गावची सून, शेतीशाळेत शिकलेली, वर्षापूर्वी निवडून आलेली. सकाळी अकराला ती कचेरीत आली तेव्हा भाऊसाहेब पान लावत होते. तिने पडद्यावर नकाशा उघडला आणि ओढ्यापलीकडच्या एका तुकड्यावर बोट ठेवलं.

“भाऊसाहेब, हा दोनशे बारा नंबर भूपेढीत गेलाय. मालवाहू ड्रोनचा तळ होणार म्हणे तिथं.”

“कसा जाईल? चाखणीला काही सापडलं नाही का तिथं?”

“सापडलंय.” तिने रकाना मोठा केला. तिचा आवाज खाली आला. “वाचा तुम्हीच.”

यंत्राच्या रकान्यात लिहिलं होतं: मानवी दफन, अर्भके, विखुरलेली, सुमारे साठ वर्षांपासून आजतागायत. शेजारी गावाचा रकाना होता. त्यात होतं: वापर नाही, ग्रामसभा ठराव, एकूण एकोणीस. आणि त्यापुढे निर्णय: कलम चौदानुसार ग्रामसभेचे म्हणणे ग्राह्य.

भाऊसाहेबांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

“माझ्या जावेचं बाळ तिथं आहे,” तेजस्विनी म्हणाली. “दोन वर्षं झाली. गावात असं घर दाखवा, ज्यांचं कुणी पल्याड नाही. मग हे ठराव कुणी केले, भाऊसाहेब? ‘सदर गट पडीक असून त्यावर अतिक्रमण अथवा कोणताही सार्वजनिक वापर नाही.’ एकोणीस वेळा? एकच वाक्य?”

त्या जागेला गावात नाव नव्हतं. पल्याड, एवढंच म्हणायचे, तेही गरज पडली तर. नाव ठेवायच्या आधी गेलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. आई जात नाही. बाप आणि एखादा जाणता माणूस ओढा ओलांडून जातो, खड्ड्यात मूठभर मीठ टाकतो, वर दगड ठेवतो, कुत्र्याने उकरू नये म्हणून बोरीच्या काटेरी फांद्या पसरतो. “पल्याड नेलं” म्हटलं की ऐकणारा समजायचा आणि विषय बदलायचा. सभेत त्या गटाचं नाव काढणं म्हणजे चांगल्या दिवशी घरात अभद्र बोलणं. म्हणून ते कधी कुठल्या कागदावर आलंच नाही.

आणि तालुक्याहून दरवर्षी गायरानाच्या अतिक्रमणाचा अहवाल मागायचे. ठराव जोडा म्हणायचे. भाऊसाहेब जोडायचे.

“नेहमीचा मजकूर आहे तो,” ते म्हणाले. “सगळीकडे तोच असतो.”

“म्हणजे माती मानली असती तर गट राहिला असता,” तेजस्विनी हळू म्हणाली. “आपलं मानलं म्हणून गेला.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त त्यांच्याकडे बघत राहिली, आणि भाऊसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सुंदर अक्षराची लाज वाटली.

तिला माहीत नव्हतं ते असं, की भाऊसाहेबांचंही कुणीतरी पल्याड होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते या गावात नवे होते. शाळेमागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. सुवर्णाला मुलगी झाली आणि चौथ्या दिवशी गेली. गेनूतात्याने खड्डा घेतला. टॉवेलात गुंडाळलेलं ते ओझं भाऊसाहेबांनीच नेलं, आणि परत फिरताना तात्या म्हणाला, “आता मागं बघायचं न्हाई, भाऊसाहेब.” भाऊसाहेबांनी हे फारच मनावर घेतलं. नऊ वर्षांनी ‘कोणताही सार्वजनिक वापर नाही’ हे वाक्य पहिल्यांदा लिहिताना त्यांचं पेन अडखळलं होतं, हे खरं. पण काय लिहिणार? कसं लिहिणार? त्यांनी वाक्य पुरं केलं. पुढच्या वर्षापासून नुसतं उतरवायचं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा सुवर्णा पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारी तिचा फोन पालथा पडलेला. गावभर सगळे नकाशाच बघत होते. ज्या जागेवर बोट ठेवाल तिथली माती काय म्हणते ते दिसायचं.

“पल्याडचा गट जायचा म्हणत्यात,” ती म्हणाली.

“बघू. सुनावणी आहे अजून.”

“तेवीस जागी दूध लागलंय म्हणं मातीत. लोक जाऊन घालत्यात तर. मला वाटायचं, आपणच.” तिने एक शेंग मोडली. “त्यातलं आपलं कुठलं वो?”

दरवर्षी मार्गशीर्षात त्या तिथीला सुवर्णा वाटीभर गाईचं दूध त्यांच्या हाती द्यायची. बोलायची काही नाही. रिकामी वाटी परत आली की धुऊन पालथी घालायची. एकदाच, पहिल्या वर्षी, तिने विचारलं होतं, “दगड हाय जागेवर?” आणि ते म्हणाले होते, “आहे.”

“असेल की त्यातलंच एखादं,” भाऊसाहेब म्हणाले. “आता दगडांवरून काय ओळखू येणार?”

“व्हय.” तिने आणखी दोन शेंगा सोलल्या. मग ती म्हणाली, “कचेरीच्या मागं लिंबाखाली बी लागलंय. गाईचंच दूध. थरावर थर, वर्षाला एक. सत्तावीस थर लिवलेत.” तिने मान वर केली. “तिथं कोण पुरलंय, अहो?”

धरणीने पोटात घ्यावं असं माणूस म्हणतो ते उगाच नाही. भाऊसाहेब पायरीखाली उभे होते आणि त्यांना वर जाता येईना, मागे फिरता येईना. पहिल्या वर्षी ते ओढ्यापर्यंत गेले होते. पाण्यात पाय घातला. पलीकडे बोरीच्या वाळक्या फांद्या दिसत होत्या. ते परत आले, आणि दूध कुठे टाकायचं म्हणून कचेरीमागच्या लिंबाखाली ओतलं. दुसऱ्या वर्षी ओढ्यापर्यंतसुद्धा गेले नाहीत. मग तीच पद्धत पडली. हे सगळं त्यांनी आता सांगितलं, तुटक तुटक, तिच्याकडे न बघता.

“मला वाटायचं, ठरावच तेवढे खोटं लिवता,” सुवर्णा म्हणाली. शेंगांचं सूप उचलून ती आत गेली.

तिने भांडण केलं नाही. रात्रीचं जेवण वेळेवर वाढलं, सकाळचा चहा दिला. फक्त त्यांच्याशी बोलताना ती भिंतीकडे बघून बोलायला लागली. भाऊसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कायद्याची पुस्तकं त्यांनी दोन दिवस चाळली. आता नवा ठराव करून भागणार नव्हतं. विधेयकानंतरचे ठराव चौदाव्या कलमात बसत नव्हते. ती अट त्यांनीच सुचवली होती, कुणी मागाहून बनवाबनवी करू नये म्हणून! एकच वाट होती. जुने ठराव खोटे आहेत, सभा झाल्याच नाहीत, असं लिहिणाऱ्याने स्वतः समितीपुढे सांगायचं. मग ठराव बाद आणि मातीची साक्ष उभी.

ही कुणकुण अप्पा निकमांना लागायला वेळ लागला नाही. सुनावणीच्या आदल्या दुपारी त्यांची गाडी दारात उभी राहिली.

“टिपऱ्या, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?” अप्पा ओट्यावर बसता बसता म्हणाले. “तू उद्या सभा झाल्या न्हाईत म्हणालास, की पुढचा प्रश्न काय यील? बाकीच्या गावात झाल्या का? आन् मग चौदावं कलम गेलंच म्हण. चारशे गावांची गायरानं त्या एका कलमावर टेकून हायत.”

“आमची पोरं आहेत त्या गटात, अप्पा.”

“सगळ्यांचीच हायत कुठं ना कुठं.” अप्पांचा आवाज खाली आला. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “माझी बी दोन हायत. गेलेल्यांना जागा लागत न्हाई. जित्यांना लागती. माझ्या गावचं गायरान गेलं तर शंभर घरची शेरडं-मेंढरं कुठं चारायची, सांग की. अळीमिळी गुपचिळी. वाईट काय केलंस तू? समदेच करत्यात.”

अप्पा लबाड बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. भाऊसाहेबांनी आयुष्यभर अशाच खऱ्या कारणांसाठी खोटं लिहिलं होतं. आतल्या खोलीत सुवर्णा कपड्यांच्या घड्या घालत होती. ती बाहेर आली नाही. अप्पा गेल्यावर तिने दुसऱ्या दिवशीसाठी त्यांचा पांढरा सदरा मात्र इस्त्री करून खुंटीला लावला.

सुनावणी जिल्ह्याच्या सभागृहात होती. चिकित्सा समितीचे सात जण व्यासपीठावर, समोर एकतीस गावांचे सरपंच आणि ग्रामसेवक. अध्यक्षा साठीच्या, शांत आवाजाच्या. खरसवाडीचा पुकारा झाला तसे भाऊसाहेब उठले. भिंतीवर त्यांचा ठराव मोठा करून दाखवला होता. हातभर उंचीची एकेक ओळ. मागून कुणीतरी कुजबुजलं, “अक्षर बघ!”

“हे तुम्ही लिहिलेलं?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो, मॅडम.”

“आणि यंत्र म्हणतं त्या जागेचा वापर आहे. तुमची हरकत नेमकी कशाला आहे? ठराव तर तुमच्याच बाजूने धरलाय आम्ही.”

“ठरावालाच हरकत आहे,” भाऊसाहेब म्हणाले. “या सभा झालेल्या नाहीत. मी घरी बसून लिहिलं. गावाला विचारलं नाही. एकोणीसच्या एकोणीस वेळा.”

समितीतले एक सदस्य पुढे वाकले. त्यांना हसू आवरत नव्हतं. “माती कशासाठी राखली ते गावासच ठाऊक, हे वाक्य तुमचंच ना?”

“माझंच.”

“मग गावाच्या शब्दाला किंमत काय राहिली, टिपरे?”

“गावाचा शब्द खोटा नाही, साहेब. तो कुणी घेतलाच नाही. मी घेतला नाही.”

“बाकीच्या गावांत घेतला का?” अध्यक्षांनी शांतपणे विचारलं.

भाऊसाहेबांनी मागे वळून बघितलं. पंचवीस-तीस वर्षांचे सोबती. एकमेकांच्या वह्या बघून ठराव उतरवलेले, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात पंगती वाढलेले. एकाचीही नजर वर नव्हती. अप्पा तेवढे सरळ त्यांच्याकडे बघत होते.

“माझ्यापुरतं विचारा, मॅडम,” ते म्हणाले.

अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं. न सांगताही उत्तर त्या खाली गेलेल्या मानांनी दिलंच होतं, आणि हे भाऊसाहेबांनाही कळलं. तेवढ्यात तेजस्विनी उठली. तिने मुदत मागितली. खरी ग्रामसभा घेते, म्हणाली, शंभर माणसं मोजून दाखवते, कॅमेऱ्यापुढे. मातीच्या साक्षीला गावाची साक्ष जोडते; ज्यांचं कुणी तिथे आहे ते स्वतः उठून सांगतील. समितीने पंधरा दिवस दिले, आणि त्याच कागदावर ग्रामसेवक टिपरे यांच्या निलंबनाची शिफारस केली.

बाहेर पडताना कुणी त्यांच्याशी बोललं नाही. अप्पा जवळ आले, थांबले, आणि म्हणाले, “शाल परत दे म्हणत न्हाई.” त्यानंतर ते भाऊसाहेबांच्या दारात कधी आले नाहीत. पुढे चौदावं कलम बदललं. ज्या ठरावामागे खरी सभा सिद्ध होईल तोच चालेल, असं झालं. काही गावांनी सभा घेऊन आपली जमीन राखली, बऱ्याच गावांची गेली. अप्पांच्या गावचं निम्मं गायरान गेलं. भाऊसाहेब आजही त्या रस्त्याने जात नाहीत.

पण त्या पंधरा दिवसांत ते खरसवाडीत दारोदार फिरले. हातात वही नव्हती. लोकांना सवय लागलेली, भाऊसाहेब दिसले की बाया हात पुसत म्हणायच्या, “कुठं करायची सही?”

“सही नको. यायला लागतंय,” ते म्हणायचे. “बोलायला लागतंय.”

“कशाबद्दल?”

“पल्याडबद्दल.”

निम्म्या घरांत तिथेच दार लोटलं जायचं. एका म्हातारीने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, असलं अभद्र घेऊन पुन्हा दारात आलास तर बघ म्हणून. भाऊसाहेबांनी मुकाट ऐकून घेतलं. एवढी वर्षं या गावात काढून, कुठल्या घराचं कोण पलीकडे आहे हे सरपंचांचं घर सोडलं तर त्यांना एकाही घराबद्दल ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

सभा शाळेच्या पटांगणात, दुपारी चारला. कॅमेरा लावलेला. तालुक्याहून पाठवलेला तरुण ग्रामसेवक टेबलापाशी कोरी वही उघडून बसला. भाऊसाहेब खाली सतरंजीवर, लोकांत. साडेचारला एकसष्ट माणसं. पुरुष टपरीपाशी घोळका करून उभे होते, यावं की न यावं अशा बेताने. मग बायका यायला लागल्या. एकेकटी नाही, पाच-पाच, सहा-सहा, डोईवर पदर घेऊन, कुणाशी न बोलता. त्यांना बघून टपरी हळूहळू रिकामी झाली. पाचला तेजस्विनीने मोजणी सांगितली. एकशे चौऱ्याऐंशी.

तिने मातीची साक्ष वाचून दाखवली. एवढी लेकरं, एवढी वर्षं, एवढ्या जागा. मग म्हणाली, “ज्यांचं कुणी आहे त्यांनी सांगायचंय. तसं लिहून घ्यायचंय.”

कुणी उठेना. खाली घातलेल्या मानांची रांगच्या रांग. शेवटी भाऊसाहेबांना कळलं की सुरुवात त्यांनाच करायला हवी. ते उठले.

“दोनशे बारा नंबरात माझी मुलगी आहे,” ते म्हणाले. “अठ्ठावीस वर्षं झाली. मी त्या जागेला वापर नाही असं लिहीत आलो. मी तिथं पुन्हा कधी गेलो नाही.”

तरुण ग्रामसेवकाने लिहिलं, मग मान वर केली. बिचाऱ्याला नियमाप्रमाणेच जायचं होतं.

“मुलीचं नाव काय लिहू?”

“नाव ठेवलं नव्हतं,” भाऊसाहेब म्हणाले. “चार दिवसांचीच होती.”

“ठेवलंय.”

बायकांच्या बाजूने सुवर्णा उभी राहिली होती. तिने भाऊसाहेबांकडे बघितलं नाही. ती टेबलावरच्या वहीकडे बघत होती.

“मी ठेवलंय. तिसऱ्या दिवशी, दूध पाजताना. कुणी विचारलं न्हाई मला.” तिने पदर सारखा केला. “लिव. शेवंता हणमंत टिपरे.”

तरुण ग्रामसेवकाने नाव वहीत लिहिलं. भाऊसाहेब उभेच होते. अठ्ठावीस वर्षं एका घरात, एका ताटाशेजारी ताट मांडून, आणि स्वतःच्या लेकीचं नाव त्यांना आज सभेत, सगळ्या गावाबरोबर कळलं. वर बघायची त्यांना हिंमत झाली नाही. ते खाली बसले.

“पुढचं?” तरुण ग्रामसेवकाने विचारलं.

परवा भाऊसाहेबांना दारातून हाकलणारी म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. तिच्यामागे आणखी दोघी उठल्या.